गोमंतक व मालवण : एक तुलना

हवापालटासाठी दूर गावी जाऊन चार दिवस स्वस्थ राहावे, ही कल्पना आपल्या समाजात फार जुनी नाही. आपले पूर्वज प्रवास करीत नसत असे नाही; पण त्यांच्या प्रवासास काही तरी निमित्त लागे. कोणी काशीस जाई, कोणी कुलदैवतास, कोणी लग्नामुंजीस, कोणी कोर्टकचेरीच्या कामास. समुद्र पाहण्यासाठी समुद्रावर जाणारा माणूस त्यांच्या दृष्टीने रिकामटेकडाच ठरला असता. आज मात्र सुट्टी लागली की मध्यम स्थितीतल्या कुटुंबात पहिला प्रश्न निघतो तो 'यंदा कोठे?' हा. त्यात समुद्रकिनारा ठरला की मुंबई-पुण्याकडील मंडळींचे साधारणतः दोन पक्ष पडतात. एक पक्ष गोव्याचा. तो जुना, सवयीचा, पुष्कळांच्या तरुणपणाच्या आठवणींनी बांधलेला. दुसरा पक्ष मालवणचा. हा गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला. पण त्याचे संख्याबळ दरवर्षी वाढत आहे.

या दोन पक्षांचा वाद बहुधा वाळूचा रंग, माशांचे भाव, खोलीचे भाडे आणि गर्दी या चार मुद्द्यांवर चालतो. हे मुद्दे क्षुल्लक आहेत असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. पदरचे पैसे खर्चून जाणाऱ्यास ते पाहिलेच पाहिजेत. परंतु या तुलनेत एक गोष्ट नेहमी निसटते. आज या दोन ठिकाणी जो फरक दिसतो, तो निसर्गाने केलेला नाही. तो इतिहासाने केलेला आहे. आणि तो इतिहास नीट ध्यानात घेतला नाही, तर मालवणचे पुढे काय होणार आणि काय होऊ नये, याचाही विचार करता येणार नाही. म्हणून या दोन्ही किनाऱ्यांचा पूर्ववृत्तान्त वाचकांपुढे थोडक्यात ठेवून, मग तुलनेकडे वळण्याचे योजिले आहे.

प्रथम निसर्गाचा हिशेब पाहू. उत्तरेस सिंधुदुर्ग जिल्हा आणि दक्षिणेस गोवा, यांच्यामध्ये तेरेखोलच्या खाडीखेरीज समुद्राकाठी दुसरी सीमा नाही. दोहोंकडे पाठीशी तोच सह्याद्री, पायाखाली तोच तांबडा जांभा दगड, माडांच्या त्याच राया, काजूचे तेच डोंगर आणि जून महिन्यात कोसळणारा तोच पाऊस. भातकढी दोहोंकडे तीच. सोलांचे आंबटही तेच. सिंधुदुर्गाचे क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, गोव्याचे ३,७०२. म्हणजे मोठा सिंधुदुर्गच. किनाऱ्याची लांबीही सिंधुदुर्गाच्या बाजूस सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. असे असून २०११ च्या खानेसुमारीत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजारांवर गेली, तर सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या आतच राहिली. एवढेच नव्हे, तर ती २००१ च्या मानाने सुमारे १९ हजारांनी घटली होती. एकाच मातीची दोन शेते शेजारी शेजारी असावीत आणि एकात पीक उभे राहावे, दुसऱ्यातून माणसे निघून जावीत, याचे कारण मातीत शोधून सापडणार नाही.

आता गोव्याकडे वळू. आपल्या लोकांचा गोव्याशी संबंध सहलीने जडला, ही समजूत चुकीची आहे. तो प्रथम जडला तो देवाच्या निमित्ताने. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा बेट घेतले व पुढे साष्टी-बारदेशही त्यांच्या अमलाखाली गेले. धर्मांतराचा व देवळे पाडण्याचा वरवंटा फिरू लागला, तेव्हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाविकांनी आपले देव रातोरात नदीपलीकडे हलविले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. हा फोंड्याचा, म्हणजे अंत्रुज महालाचा, मुलूख त्या वेळी पोर्तुगीजांच्या हातात नव्हता. तो त्यांच्याकडे गेला १७६३ मध्ये. तोपर्यंत त्यांच्या धोरणातील जुना कडवेपणा बराच ओसरला होता आणि देवळे राहिली. शांतादुर्गेचे आजचे मंदिर शाहू छत्रपतींच्या काळात उभे राहिले. ते उभारण्यात छत्रपतींचे मंत्री नारोराम यांचा पुढाकार होता, आणि हे नारोराम मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे. गोव्यातील सर्वांत प्रसिद्ध देवालयांपैकी एकाचा कर्ता आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातला होता, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार येथे पांगलेली कुटुंबे वर्षा-दोन वर्षांनी कुलदैवताच्या दर्शनास जाऊ लागली. अग्रशाळेत उतरावे, अभिषेक करावा, महाप्रसाद घ्यावा आणि परत फिरावे, हा त्यांचा गोवा होता. त्या यात्रेकरूंपैकी कित्येकांनी कळंगुटचा किनारा पाहिलाही नसेल.

दुसरा गोवा ख्रिस्ती भाविकांचा. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारले. त्यांचा देह पुढे गोव्यात आणला गेला आणि आज तो जुन्या गोव्यातील बॉम जेझसच्या चर्चमध्ये आहे. साधारणतः दर दहा वर्षांनी तो दर्शनार्थ खाली आणीत असत, आणि त्या वेळी देशोदेशींची माणसे लोटत. त्यातले ताजे प्रदर्शन नोव्हेंबर २०२४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत झाले. पणजीचे मांडवी हॉटेल १९५२ सालच्या अशाच प्रदर्शनाच्या सुमारास बांधले गेले. म्हणजे गोव्यातील आधुनिक हॉटेलाचा पायादेखील यात्रेनेच घातला, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरा गोवा खुद्द गोवेकरांचा. मडगावची सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबे उन्हाळ्यात बैलगाडीत सामान भरून तीन कोसांच्या आतल्या कोलव्याच्या किनाऱ्यावर राहावयास जात. याला ते 'मुदांस', म्हणजे हवापालट, म्हणत. समुद्राच्या पाण्यात चार बुडे मारली की वर्षाची दुखणी जातात, ही श्रद्धा त्यामागे होती. तेव्हा किनारा म्हणजे कोळ्यांची व रेंदेरांची वस्ती. थोरामोठ्यांचे वाडे गावात, शेताकडेस, नदीकाठी असत. वाळूत काही पिकत नसल्यामुळे वाळूच्या जमिनीस किंमत नव्हती. पुढे जे झाले त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

चौथा गोवा मुंबईकरांचा, आणि त्याची वाट समुद्रातून होती. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट कोकणपट्टीची बंदरे घेत घेत पणजीस पोहोचे. डेकवर पथारी टाकावी, डबा सोडावा, भजनाचा फड जमवावा, आणि पहाटे मांडवीच्या मुखाशी ऑग्वादचा किल्ला दिसला की गाठोडी बांधावयास लागावे, असा तो प्रवास. वाटेत हीच बोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले येथे थांबे. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही, पडाव येऊन उतारू घेऊन जात, आणि डेकवरचा गोव्याचा प्रवासी कठड्यावर रेलून सिंधुदुर्गाचा तट पाहून घेई. दोन पिढ्यांच्या मुंबईकरांनी मालवण असे नुसते वाटेवर पाहिले. तेथे उतरावयाचे ते मालवणच्या माणसाने. परक्याने उतरण्याचे ते ठिकाणच नव्हते.

मध्यंतरी ही वाट बंद पडली. गोवामुक्तीच्या चळवळीमुळे १९५५ च्या सुमारास भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याशी दळणवळण तोडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ते पुन्हा खुले झाले. 'कोंकण सेवक' आणि 'कोंकण शक्ती' या बोटींची नावे अजून कित्येकांच्या तोंडी आहेत. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी कडक झालेली. गोव्यात मात्र ती नव्हती. तेव्हा मुक्त गोव्याकडे जी पहिली गर्दी लोटली, तीत सगळेच कुलदैवताचे भक्त होते असे मानण्याचे कारण नाही. घरातील वडील माणसे मंगेशीस जात होती आणि धाकटी मंडळी दुसऱ्या कारणांनी जात होती. दोघेही घरी सांगताना 'गोव्यास गेलो होतो' एवढेच सांगत.

याच सुमारास, १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, पाश्चात्त्य देशांतील संसारास विटलेली तरुण माणसे कोलवा, कळंगुट, हणजूण येथे येऊन झोपड्यांतून राहू लागली. हिप्पी या नावाने ती ओळखली जात. त्यांनी पैसा फारसा आणला नाही. पण गोव्याचे नाव जगभर नेले. नावामागून पैसा आला. १९७४ साली सिंकेरी येथे ऑग्वादच्या बुरुजालगत ताज मंडळीचे हॉटेल उघडले. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुलाच्या प्रमुखांची विश्रांतिबैठक गोव्यात भरली आणि तिच्या निमित्ताने रस्ते, तारायंत्रे, हॉटेले यांची लगबग झाली. १९८५ च्या सुमारास जर्मनीहून ठेक्याची विमाने थेट दाबोळीस उतरू लागली. जी वाळू कोणी फुकट घेतली नसती, तिच्यावर आता सोन्याचा भाव चढला. विकणारा मच्छीमार होता, घेणारा दूरचा होता. मध्ये दलाल होता.

गोवेकर हे सर्व मुकाट्याने पाहत बसले होते असे समजणे अन्यायाचे होईल. त्याच दशकाच्या अखेरीस 'जागृत गोंयकारांची फौज' या नावाने लोक रस्त्यावर उतरले. आलिशान हॉटेले विहिरींचे पाणी ओढून घेतात, किनाऱ्याची वाट अडवितात, गावाची रीत मोडतात, ही त्यांची तक्रार होती. त्यांच्या विरोधाने काही गोष्टी थांबल्या, पुष्कळ थांबल्या नाहीत. न थांबण्याचे कारणही उघड आहे. गोव्याचा दुसरा मोठा आधार लोहखनिजाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे मर्यादित स्वरूपात सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये जुने परवाने रद्द झाल्याने पुन्हा बंद पडल्या. एक हात असा अधू झाल्यावर सगळा भार दुसऱ्या हातावर पडला. मांडवीच्या पात्रातली तरंगती जुगारगृहे ही त्या भाराची खूण होय. ज्या घरात एकच कमावता असतो, त्या घरात त्याला फारसे बोलता येत नाही. गोव्याचे आणि पर्यटनाचे नाते आज असे झाले आहे.

आता मालवणकडे पाहू. मालवणचा इतिहास सुरू होतो तो पाहुण्यांना बोलावण्यासाठी नव्हे, परक्यांना दूर ठेवण्यासाठी. जंजिऱ्याचा सिद्दी हटेना, पोर्तुगीज व इंग्रज समुद्रावर हुकूम गाजवितात, हे पाहून शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटाची निवड केली आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामास हात घातला. सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. नागमोडी तट, खडकांनी वेढलेला अवघड जलमार्ग, आणि खाऱ्या समुद्राच्या मध्यावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, ही त्याची वैशिष्ट्ये आजही पाहणाऱ्यास थक्क करतात. आत छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. त्याच किनाऱ्यावर वेंगुर्ल्यास सतराव्या शतकात डच लोकांची वखार होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला व त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' असे ठेवले. थोड्याच दिवसांत तो कोल्हापूरकरांस परत मिळाला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. त्या परक्या नावाचे आज मालवणात कोणास स्मरणही नाही.

किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपल्यावर व्यापाराचे काय झाले, हे पाहणे अधिक उद्‌बोधक आहे. बेळगावकडील माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात येई आणि तेथून गलबतांनी मुंबईस जाई. १८८८ साली मुरगावपासून घाट चढून जाणारा लोहमार्ग तयार झाला आणि तो माल मुरगावकडे वळला. पोर्तुगीजांच्या राज्यात रेल्वे आली आणि इंग्रजांच्या राज्यातले हे बंदर मात्र ओस पडू लागले. कोंकण रेल्वेची पहिली गाडी या जिल्ह्यातून मुंबई ते मंगळूर अशी अखंड धावू लागली ती १९९८ च्या जानेवारीत. मुरगाव व कुडाळ यांच्यामध्ये रेल्वेच्या हिशेबाने एकशे दहा वर्षांचे अंतर आहे! सिंधुदुर्ग मागे का राहिला, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका आकड्यात आहे.

दुसरे निम्मे उत्तर मुंबईत आहे. गिरण्या निघाल्या आणि या किनाऱ्यावरचा कर्ता पुरुष बोटीत बसला. गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींतून गावकीच्या खोल्या भरल्या. शेतावर म्हातारे आईबाप, बायको आणि मुले. दर महिन्यास येणारी मनीऑर्डर हेच खरे पीक. या माणसास गाव 'चाकरमानी' म्हणू लागला. त्या शब्दात मान आहे तसे दुःखही आहे. स्वतःच्या घरास पाहुण्यासारखा येणारा हा माणूस गणपतीस आणि मे महिन्यात येई. चार दिवस राही, कौले शाकारी, भजनात बसे, आणि पुन्हा बोट पकडी. गोव्याचा किनारा जेव्हा जगास सुट्टीसाठी खुला होत होता, तेव्हा मालवणचा किनारा स्वतःच्याच मुलांस सुट्टीपुरता मिळत होता. १९८२ च्या गिरणीसंपानंतर ती मनीऑर्डरही आटली. तेव्हा मालवण हे 'नवे' विहारस्थान आहे असे जे आपण म्हणतो, ते आपल्यापुरते खरे आहे. चाकरमान्याचे ते शंभर वर्षांपूर्वीपासूनचे विहारस्थान आहे. फक्त तो त्यास घर म्हणतो.

वाङ्मयाने मात्र या भूमीची ओळख आपणांस पूर्वीच करून दिली होती. वि. स. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. त्याच शिरोड्यास १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. चिं. त्र्यं. खानोलकरांचा कोंडुरा, जयवंत दळवींची आरवली, ही गावे न पाहताच पुष्कळ वाचकांनी पाहिली होती. पुढे १९८० साली रंगभूमीवर आलेल्या 'वस्त्रहरण' नाटकाने मालवणी बोली मुंबईच्या नाट्यगृहांतून गाजविली, आणि तिच्या मागोमाग मालवणी जेवणाच्या खानावळी सर्वत्र झाल्या. म्हणजे लोकांनी आधी मालवणी भाषा ऐकली, मग मालवणी मासे चाखले आणि सर्वांत शेवटी मालवणचे तिकीट काढले.

हे तिकीट काढण्याजोगी स्थिती येण्यास सरकारी निर्णयही कारण झाले. १९८१ च्या १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा निघाला. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढल्याच वर्षी रेल्वे आली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने निवास-न्याहारीची योजना आणली. तिच्यात घरमालकाने आपल्याच घरातील एक-दोन खोल्या पाहुण्यांस द्यावयाच्या आणि स्वयंपाकही घरातल्यांनीच करावयाचा. तारकर्ली, देवबाग, भोगवे येथे माडांच्या सावलीत अशी शेकडो घरे झाली. पुढे समुद्राच्या तळाशी उतरून प्रवाळ पाहण्याची विद्या आली, आणि ज्या तरुणांचे आजोबा गिरणीत गेले ते तरुण पाणबुडे होऊन गावातच राहिले. गेल्या शंभर वर्षांत या किनाऱ्यावरून माणूस बाहेर जाण्याऐवजी पैसा आत येण्याचा हा पहिला प्रसंग होय. आम्ही या घटनेस रेल्वेपेक्षाही अधिक महत्त्व देतो.

एवढ्या पूर्वपीठिकेनंतर तुलना करणे सोपे जाते. गोव्यात आपण गिऱ्हाईक असतो. हे वाईटच असे नाही. गिऱ्हाइकास काही हक्क असतात आणि गोव्याने ते हक्क पुरविण्याची कला साठ वर्षांत साध्य केली आहे. रस्ते चांगले आहेत, खिशास झेपेल तशी सोय मिळते, किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले आहेत, जुनी घरे व चर्चे जतन केलेली आहेत, आणि तुम्ही काय खाता-पिता, कोणाबरोबर हिंडता, याची चौकशी कोणी करीत नाही. एकट्या स्त्रीस वा परधर्मीयास हा मोकळेपणा फार मोलाचा वाटतो. त्यास 'चंगळ' म्हणून नाक मुरडणारांनी याचाही विचार केला पाहिजे. शिवाय समुद्राखेरीज गोव्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पणजीचे फोंतान्यासचे मोहल्ले, फोंड्याची देवालये, दीपस्तंभ, तळी, संगीताची परंपरा. गोवा म्हणजे केवळ किनारा, ही समजूत जाहिरातींनी करून दिलेली आहे, आणि तिच्यामुळे गोव्याचेच सर्वांत अधिक नुकसान झाले आहे.

मालवणात आपण पाहुणे असतो. सकाळी घावणे करणारी बाई घरची मालकीण असते. 'खंयसून इलात?' हा प्रश्न ती विचारते तो नोंदवहीसाठी नव्हे; तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे असते. रात्री उशिरा गोंगाट केला तर शेजारचे आजोबा रागावतात. मासा मिळाला तर मिळाला. समुद्र खवळला असेल तर डाळीवर भागवावे लागते. मराठी कुटुंबास, विशेषतः वृद्ध माणसे व मुले बरोबर असलेल्या कुटुंबास, हे आपलेपण सुखावते. परंतु आपलेपणा सर्व उणिवा भरून काढीत नाही. सांडपाण्याची व कचऱ्याची व्यवस्था अपुरी, मोठ्या दुखण्यास जवळ इलाज मर्यादित, आणि जलक्रीडेच्या सुरक्षिततेविषयी ढिलाई, हे दोष खरे आहेत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचे प्राण गेले. असा प्रसंग घडल्यावर आपलेपणाचे कौतुक ओठांवर येत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. मालवण हे गोव्याच्या मागल्या पायरीवर उभे आहे आणि यथाकाल पुढल्या पायरीवर चढेल, की त्याची वाटच निराळी आहे? पुष्कळ शहाणे लोक पहिला पक्ष घेतात. त्यांच्या बाजूस पुरावाही आहे. वाळूच्या जमिनीचे भाव चढले आहेत; घेणारे दूरचे आहेत; मध्ये दलाल आहेच. रापण ओढणारे मच्छीमार आणि यांत्रिक जाळीवाले यांच्यातला जुना तंटा मिटलेला नाही, आणि त्यात पर्यटकांच्या नौकांची भर पडली आहे. १९८७ साली सिंधुदुर्गाभोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. परंतु मच्छीमारांस विश्वासात न घेता काढलेला हुकूम म्हणून त्यांनी त्यास सतत विरोध केला, आणि प्रवाळ राखावयाचे कोणी, हा प्रश्न लोंबकळत राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये राजकोटावर मोठ्या समारंभाने उभा केलेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. समोर समुद्रात महाराजांनी बांधविलेला तट साडेतीनशे वर्षे लाटा झेलीत उभा, आणि काठावर त्यांचीच प्रतिमा एक पावसाळा टिकू नये! पुढे नवा पुतळा उभा राहिला. परंतु घाईने उभारलेल्या गोष्टींची या समुद्रापुढे काय गत होते, याचा धडा त्या एका दिवसाने दिला, तो पुसून टाकता कामा नये.

तथापि दुसऱ्या पक्षाच्या बाजूसही आधार आहे, आणि आमचा कल तिकडे आहे. तोंडवळी-वायंगणी येथे समुद्रविश्वाचे अवाढव्य दालन उभारण्याची योजना निघाली, तेव्हा गावकऱ्यांनी जमिनी देण्यास विरोध केला व योजना अडली. गोव्यात हा विरोध हॉटेले उभी राहिल्यानंतर झाला. येथे तो आधी झाला. मधल्या तीस वर्षांत शेजाऱ्याचे घर पाहून या लोकांनी काही तरी शिकून घेतले आहे. दुसरे असे की, येथील माणसाने शंभर वर्षे घर सोडण्याचे दुःख भोगले आहे. ज्याने मनीऑर्डरीवर बालपण काढले, तो आपली जमीन विकून पुन्हा चाळीत जाण्यास सहजासहजी तयार होत नाही. तिसरे, २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे या जिल्ह्यातले दोन आहेत. जुन्या गोव्याच्या चर्चांस हा मान १९८६ मध्येच मिळाला होता. त्या मानाने गोव्याचा किनारा वाचला नाही, हे खरे. पण किनाऱ्यास किल्ल्यापासून वेगळे काढता येत नाही, ही मालवणची जमेची बाजू आहे. तेथील समुद्र पाहावयाचा म्हटला तरी डोळ्यांसमोर तट येतोच.

अंतर मात्र आता झपाट्याने तुटत आहे. पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांचा होता. १७८८ च्या सुमारास तो पोर्तुगीजांकडे गेला. त्याच पेडण्यातील मोपा येथे डिसेंबर २०२२ मध्ये गोव्याच्या दुसऱ्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गास चिपी येथे स्वतःचा विमानतळ मिळाला होता. मोप्यास उतरलेल्या प्रवाशास वेंगुर्ले आता कित्येक गोमंतकीय किनाऱ्यांइतकेच जवळ आहे. तेरेखोलच्या खाडीने जी दोन नशिबे अलग ठेवली होती, ती यापुढे अलग राहणार नाहीत. गोव्यात न मावणारी गर्दी उत्तरेकडे सांडेल. ती पाहुणा म्हणून येते की गिऱ्हाईक म्हणून, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

आणि येथे जबाबदारी केवळ सरकारची वा गावकऱ्यांची नाही. आपल्यासारख्या जाणाऱ्यायेणाऱ्या कुटुंबांचीही आहे. राहावयाचे ते घरमालक स्वतः राहतो अशा घरी. खावयाचे ते त्या दिवशी जे मिळाले ते. वाळूतील जागा स्वस्तात पदरात पाडून घेण्याचा मोह आवरावयाचा. नौकेत बसण्यापूर्वी अंगावर जीवरक्षक जाकीट मागून घ्यावयाचे व ते नसेल तर परत फिरावयाचे. आणि आपला कचरा आपण परत न्यावयाचा. गोव्यास जावे तेव्हाही किनाऱ्यावरून उठून एक दिवस कवळ्यास, मंगेशीस, जुन्या गोव्यास जावे. आपल्या आजोबांचा जो गोवा होता, तो अजून तेथे आहे. दोहोंपैकी कोठे जावे, या वादाचा निकाल आमच्यापुरता असा आहे की, वृद्ध मातापिता व लहान मुले बरोबर असतील तर मालवण. आणि एकटे, मोकळे, चार नव्या गोष्टी पाहण्याच्या इच्छेने निघाला असाल तर गोवा.

गणपतीत कुडाळच्या स्थानकावर चाकरमान्यांनी तुडुंब भरलेली गाडी रिकामी होते. हातात पिशव्या, खांद्यावर मूल, तोंडी मालवणी. त्याच स्थानकावर नाताळात आपण उतरतो. ज्या गावास तो घर म्हणतो, त्यात आपणांस चार दिवसांची जागा मिळते. ती जागा त्याची आहे, एवढे भान ठेवले तर पुढच्या पिढीसही ती मिळत राहील.